आचारी, आचार्य आणि अक्षरांचे स्थलांतर

गेल्या वैशाखात एका मुंजीच्या निमित्ताने बेटम्यास जाण्याचा योग आला. इंदुराहून धारेच्या वाटेवर असलेले हे गाव आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे असेल. पीथमपूरच्या कारखान्यांनी अलीकडे त्याच्या शेजाराचा रंग पालटून टाकला आहे. पण जुन्या वस्तीत शिरले म्हणजे दगडी जोते, लाकडी सर आणि ओसरीवरचा झोपाळा यांची ओळख अजून पटते. आमच्या घराची एक शाखा तेथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. माझे चुलतबंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, तेथेच राहतात. त्यांची धाकटी कन्या इंदुरात शिकून नोकरीस लागली असून सध्या तिने घराण्याची माहिती एकत्र करण्याचे मनावर घेतले आहे.

मुंजीचा गलबला ओसरल्यावर दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली आणि मोबाइल पुढे करून म्हणाली, "काका, आपल्या घरच्या लग्नांना हे आचार्य कोण येत असत? प्रत्येक लग्नात त्यांना सव्वा रुपया आणि धोतरजोडी दिलेली दिसते. ते आपले कुलगुरू होते का?"

मी वाचून पाहिले. पणजोबांच्या लग्नखर्चाच्या वहीतली नोंद होती ती. ‘आचार्यास रु. १। व धोतरजोडी १.’ आमच्या घराण्यास कोणा आचार्यांचा अनुग्रह असल्याचे मी तरी कधी ऐकले नव्हते. बरे, त्याच्याच खालच्या ओळीत ‘पाणक्यास’ आणि ‘न्हाव्यास’ अशा नोंदी. आचार्यांना या पंक्तीत कोणी बसविले असेल, हे लक्षात येण्यास मला थोडा वेळ लागला. आणि लक्षात आल्यावर हसू आवरेना. दादांनी माळ्यावरून पत्र्याची पेटी उतरविली. तीत आजोबांच्या हातची बालबोध नक्कल होती. तेथे स्वच्छ अक्षरांत लिहिलेले होते, ‘आचाऱ्यास’. सव्वा रुपया मिळाला होता तो लग्नाचा स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्याला!

सगळे घर हसले. पोरगी तेवढी हसली नाही. तिने घराण्याच्या वृत्तान्तात या आचार्यांवर एक परिच्छेद लिहून ठेविला होता, आणि तो चार ठिकाणी पाठवूनही झाला होता.

रात्री पडल्या पडल्या मात्र मला त्या हसण्याची धास्ती वाटू लागली. आजोबांची नक्कल वाळवीच्या तोंडून वाचली म्हणून चूक सापडली. ती नसती तर? शिवाय चूक मला दिसली ती मी मराठी शाळेत शिकलो म्हणून. इंदूर-देवास-धारच्या ज्या मुलांची अक्षरओळख हिंदीतून होते, त्यांना ‘र्य’ आणि ‘ऱ्य’ यांत काही भेद असतो याची कल्पनाच नसते; कारण हिंदीत तो भेद नाही. आपल्या गुरुद्वाऱ्याच्या बावडीवर जाणाऱ्या मराठी माणसाला ‘गुरुद्वाऱ्या’ लिहिताना डाव्या अंगाची ती आडवी रेघ लागते, शेतकऱ्याला लागते, वऱ्हाडाला, कुऱ्हाडीला, कऱ्हाड्यांना लागते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या घळी. एवढ्याशा रेघेवर अर्थाचा सारा भार.

ही रेघ गेली कोठे, याचा छडा लावण्यात पुढचे दोन महिने गेले. त्यात जे उमजले ते सांगण्यासारखे आहे. कारण प्रत्येक घरात आज कोणी ना कोणी जुने कागद संगणकावर चढवीत आहे.

वहीचा प्रवास असा. पणजोबांनी ती पहिल्या महायुद्धाच्या आधी मोडीत लिहिली. आजोबांनी पुढे ती बालबोधीत उतरविली. १९९८च्या सुमारास दादांनी ती नक्कल शहरातल्या एका दुकानात संगणकावर टंकून घेतली, आणि आता पुतणीने ती फाइल कन्व्हर्टर नावाच्या प्रोग्रॅममधून काढून युनिकोडात आणली. म्हणजे एकाच मजकुराची तीन स्थलांतरे झाली. मोडीतून बालबोधीत, कागदावरून फाँटात, फाँटातून युनिकोडात.

जुन्या फाँटाची गोष्ट आजच्या मुलांना अद्भुत वाटेल. त्या काळच्या संगणकास देवनागरी ठाऊकच नसे. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे चित्रासारखे बसविलेले असत. एका जागी अर्धा श, दुसऱ्या जागी काना, तिसऱ्या जागी वेलांटी. दोन तुकडे जवळ आले की डोळ्यांना पूर्ण अक्षर दिसे. पण यंत्राच्या पोटी ती निरर्थक इंग्रजी अक्षरांचीच रांग. प्रत्येक कंपनीने हे तुकडे आपल्या मर्जीनुसार मांडले होते. त्यामुळे एका फाँटातला मजकूर दुसऱ्यात उघडला की गिचमिड दिसे. १९९९ साली आपल्या इंदुरातून ‘वेबदुनिया’ सुरू झाली, त्या सुमारास निरनिराळी संकेतस्थळे आपापले फाँट बाळगून असत, आणि वाचकास आधी फाँट उतरवून घ्यावा लागे, हे काहींना आठवत असेल.

याला पर्याय नव्हता असे नाही. आयआयटी कानपूरमध्ये उगम पावलेले आणि पुण्याच्या सी-डॅक संस्थेने वाढविलेले जिस्ट नावाचे तंत्र होते. ‘इस्की’ नावाची भारतीय मानक संहिताही होती. १९९१ साली तिला भारतीय मानक ब्यूरोची मान्यता मिळाली. तीत अक्षराचे चित्र नव्हे, तर अक्षर स्वतः नोंदले जाई. ‘कि’ लिहिताना डोळ्यांना वेलांटी आधी दिसते, पण उच्चारात क आधी येतो. इस्कीने उच्चाराचा क्रम धरला. युनिकोडने देवनागरीची मांडणी करताना इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीचाच आधार घेतला. परंतु छापखाने व दुकाने फाँटांवरच चालत राहिली, कारण छापील पान त्यात सुबक येई आणि पुढे कोणाला तो मजकूर शोधावा लागेल हा विचार त्या वेळी कोणाच्या मनात नव्हता.

आता कन्व्हर्टरचे काम पाहा. फाँटाच्या फाइलीत वेलांटी व्यंजनाच्या आधी असते, ती उचलून त्याने व्यंजनाच्या मागे ठेवायची. ‘स्थिती’ असेल तर नुसत्या थच्या मागे ठेवून चालते. पण मूळ वेलांटी अर्ध्या सच्या अलीकडे असते, म्हणून सारे जोडाक्षर ओलांडावे लागते. रफार याच्या उलट. ‘धर्म’ लिहिताना तो मवर, सर्वांच्या शेवटी टंकलेला असतो. त्याला उचलून मच्या आधी आणायचे. कन्व्हर्टर येथे अडखळला की एखादी वेलांटी अनाथासारखी पोकळ वर्तुळावर बसलेली दिसते. ही चूक निदान डोळ्यांत भरते. घात करतात त्या न दिसणाऱ्या चुका.

आमच्या आचाऱ्याचा घात असाच झाला. युनिकोडात ही डावी आडवी रेघ काढण्याच्या दोन रीती आहेत. जुनी रीत अशी की, र, मग हलन्त आणि मग एक अदृश्य जोडचिन्ह. या चिन्हाला रूप नाही. ते शेजारच्या अक्षराला ‘रफार होऊ नकोस, आडवा हो’ एवढेच सांगते. दुसऱ्या रीतीत नुक्ता असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त लावतात. तेथे अदृश्य काहीच नाही. पडद्यावर दोहोंचे रूप सारखेच. पुतणीने प्रथम वापरलेला कन्व्हर्टर जुन्या रीतीने लिहीत होता. त्याने आचाऱ्याला सुखरूप पलीकडे नेले. पुढे तिने तो मजकूर दुसऱ्या एका प्रोग्रॅममध्ये चिकटविला; त्याने ‘अनावश्यक अदृश्य चिन्हे’ झाडून काढली. जोडचिन्ह गेले, रेघ रफार होऊन डोक्यावर चढली, आणि आचाऱ्याचा आचार्य झाला. कोणाही एका यंत्राला दोषी धरावे तर तसे म्हणता येत नाही.

काही दिवसांनी त्याच कन्व्हर्टरची नवी आवृत्ती निघाली. ती दुसऱ्या रीतीने लिहू लागली. ही सुधारणाच होती, यात शंका नाही. मी तिचे स्वागत करतो. पण वहीचा अर्धा भाग जुन्या आवृत्तीतून निघालेला, अर्धा नव्या. ‘शेतकऱ्यास’ हा शब्द शोधू गेले की अर्ध्याच नोंदी हाती लागत. यंत्राच्या दृष्टीने ते दोन निराळे शब्द होते, आणि आपल्या डोळ्यांना एकच.

असाच प्रकार ‘ॲ’चा. इंग्रजी शब्दांतला हा उच्चार मराठीत रुळून शंभरावर वर्षे झाली. पण युनिकोडात त्याला स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. पुढच्याच वर्षी, ६ नोव्हेंबर २००९ रोजी, महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेविषयी जो निर्णय काढला त्यात ॲ आणि ऑ यांना स्वरांच्या पंक्तीत बसविले. त्यापूर्वी लोक अ लिहून त्यावर अर्धचंद्र ठेवीत. जुने कन्व्हर्टरही तसेच करीत. नवे कन्व्हर्टर एकच अक्षर देतात. आमच्याकडच्या एका मंडळाच्या पत्तेपुस्तिकेत याचा अनुभव आला. अर्धे वकील ‘अ’ अधिक चंद्राचे ॲडव्होकेट, अर्धे सलग ‘ॲ’चे. यादी अकारविल्हे लावताच एकाच व्यवसायाचे लोक दोन ठिकाणी विखुरले. एका गृहस्थांना आपले नाव वगळले गेले असे वाटून राग आला होता. नाव तेथेच होते, चार पानांपलीकडे.

‘ल’ आणि ‘श’ यांचे दुखणे याहून वेगळे. मराठी वळणाचा पाकळीचा ल आणि देठाचा श हे युनिकोडात हिंदी ल-श यांहून निराळे नाहीत. भेद फक्त फाँटाच्या पोशाखाचा. म्हणून मराठी फाँटातले ‘लग्न’ युनिकोडात आले की बहुधा हिंदी वळण धारण करते. २००९च्या त्या निर्णयाने मराठी वळणेच प्रमाण मानली आहेत. अर्थाला यात बाध नाही हे मला कळते. तरीही पाकळी गळालेले ‘लग्न’ मला परक्याच्या घरचे वाटते. काही चांगले फाँट मात्र फाइलीची भाषा हिंदी नसून मराठी आहे असे सांगितल्यास आपणहून मराठी वळण घेतात. एवढे सांगण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही.

हे सारे यंत्राचे झाले. पण स्थलांतरात मजकूर बदलतो हा काही संगणकाने लावलेला शोध नव्हे. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नाही. वेलांटी बहुतेक एकच, उकारही एकच. बोरू न उचलता झरझर लिहिण्याच्या त्या लिपीला तेवढी सवड नव्हती. म्हणजे मोडीतला कागद बालबोधीत उतरविणारा प्रत्येक माणूस जागोजागी निवाडा करीत असतो, आणि मुळात नसलेली वेलांटी स्वतःच्या जबाबदारीवर घालीत असतो. महेश्वरच्या दरबारातून पुण्यास गेलेली बातमीपत्रे द. ब. पारसनीसांनी छापली, राजवाड्यांनी १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडशः काढली. या मंडळींनी केवढे निवाडे केले असतील!

पुढे १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले, १९७२ मध्ये त्यांत भर पडली, आणि ‘नाहीं’, ‘तें’, ‘घरांत’ यांवरचे अनुच्चारित अनुस्वार उतरले. आजोबांच्या नकलेत ते सारे होते. दुकानातल्या टंकणाऱ्या मुलाने ‘शुद्ध’ करण्याच्या भरात काढून टाकले. आमच्या एका काकांना सावरकरांच्या अ-च्या बाराखडीचे वेड होते. ते ‘इतिहास’ हा ‘अितिहास’ असा लिहीत. त्यांची पत्रे कन्व्हर्टरात घातली तर त्याने त्या अि-अु यांना चुका समजून मोडतोड केली. माणसाचे मत त्याच्या वेलांटीत असू शकते, हे यंत्राला कोण सांगणार?

येथे मला बेटम्याच्याच एका जुन्या कागदाची, म्हणजे खरे तर तांब्याची, आठवण होते. परमार राजा भोज याचे विक्रम संवत १०७६, म्हणजे इसवी सन १०२०चे दानपत्र या गावी सापडले. कोकण जिंकल्याच्या उत्सवप्रसंगी देल्ह नावाच्या पंडितास गाव दिल्याचे ते संस्कृत लेखन आहे. (कोकण जिंकल्याचा आनंद ज्या लेखात आहे, तो निघालेल्या गावी सात शतकांनंतर कोकणातलीच कुटुंबे येऊन राहिली, हा इतिहासाचा विनोद म्हणावा.) दत्तात्रय बाळकृष्ण दिसकळकरांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या अठराव्या खंडात ते संपादून प्रसिद्ध केले. तो खंड पाहिला म्हणजे अक्षरांचे स्थलांतर कसे करावे याचा वस्तुपाठ मिळतो. कोरणाऱ्याने स च्या जागी श खोदला असेल तर छापील पाठातही श च राहतो. संपादकाला जे योग्य वाटते ते कंसात किंवा तळटिपेत. एखादे अक्षर झिजले असेल तर झिजले म्हणून सांगितलेले असते. ओळींचे आकडे मुळाप्रमाणे असतात. पत्र्यांचे ठसेही छापलेले असतात. संपादकावर विश्वास नसेल त्याने स्वतः वाचून पाहावे. हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराची चूकदेखील त्यांनी त्याच्या परवानगीवाचून सुधारली नाही!

आमच्या कन्व्हर्टरवर माझा आक्षेप एवढाच आहे. त्याने आपले लिहिणे बदलावे. बदलणे भागच आहे. पण केव्हा बदलले, काय बदलले, आणि आधीच्या प्रतींचे काय करावे, हे कोणी ठळकपणे सांगितले नाही. छापखाने शुद्धिपत्र लावीत असत. ते पुष्कळदा वाचले जात नसे ही गोष्ट निराळी, पण लावीत असत.

पुतणीने आणि मी मिळून मग एक रीत बसविली. पेटीतल्या प्रत्येक पानाचे छायाचित्र आधी घ्यावयाचे. १९९८ची फाँटातली फाइल, तिचा फाँटदेखील सोबत, तशीच जपायची. युनिकोड झाले म्हणून ती पुसायची नाही. रूपांतर केलेल्या फाइलीच्या पहिल्याच ओळीत कोणत्या प्रोग्रॅमने, त्याच्या कोणत्या आवृत्तीने व कोणत्या दिवशी रूपांतर केले ते लिहायचे. पीडीएफ करून ठेवावी हे बरे, कारण तीत पानाचे रूप टिकते. परंतु त्यातून मराठी मजकूर परत उचलू गेल्यास वेलांट्या-रफार पुष्कळदा पांगतात, म्हणून तिच्यावरच विसंबायचे नाही. आणि एक प्रत साध्या कागदावर छापून पेटीत.

शिवाय कोणताही कन्व्हर्टर वापरण्यापूर्वी त्याची परीक्षा पाहण्यासाठी मी एक वाक्य रचले आहे. अर्थाकडे पाहू नये. ‘कऱ्हाडच्या आचाऱ्याने आचार्यांस दर्यापलीकडच्या दऱ्यांची चित्रे ॲल्युमिनियमच्या पेटीतून काढून दाखविली, तेव्हा ऑफिसातील वाङ्मयप्रेमी स्थितप्रज्ञ कारकुनास ती क्लृप्ती कळली नाही.’ हे जुन्या फाँटात टंकून कन्व्हर्टरातून काढावे, एकदा इकडून तिकडे पाठवून परत आणावे, आणि मग सावकाश वाचावे. आम्ही चार कन्व्हर्टर तपासले. दोन पहिल्या शब्दालाच अडले. एकाने ‘वाङ्मय’ फोडले. चौथा पास झाला. पण त्यानेही ॲल्युमिनियमला जुन्या रीतीचा चंद्र दिला होता.

श्रावणात मी पुन्हा बेटम्यास गेलो तेव्हा पुतणीने सगळी वही आजोबांच्या नकलेशी ओळीने ताडून संपविली होती. आचार्यांवरचा परिच्छेद काढून टाकल्याचे तिने चारही ठिकाणी कळविले होते. त्यांपैकी एका आत्याबाईंनी मात्र आचार्य होतेच असा हट्ट धरला आहे. ताडताना आणखी एक गोष्ट निघाली. अन्नछत्राच्या खर्चात ‘दिनास दोन पायल्या ज्वारी’ अशी नोंद फाइलीत होती. आजोबांच्या कागदावर त्या ‘दिनास’च्या शेजारी समासात शिसपेन्सिलीने बारीक लिहिलेले आहे, ‘दीनास?’ रोज दोन पायल्या की गरिबास दोन पायल्या, हे मोडीच्या त्या एकुलत्या वेलांटीवरून त्यांनाही ठरविता आले नव्हते. टंकणाऱ्याने समास सोडून दिला, आणि प्रश्नचिन्ह कोणत्याच फाइलीत उतरले नाही.

आम्ही मूळ वही उघडून पाहिली. घरात आता मोडी कोणाला येत नाही. शाई फिकी पडली होती, पण अक्षर मोत्यासारखे. पोरीने बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेविले आणि मग फाइलीत ‘दिनास’च्या पुढे कंस करून आजोबांचे प्रश्नचिन्ह परत घातले.